तांबटकामाला नव्यानं बसताय? आधी हे वाचा

पुण्यात तांबट आळीचा पत्ता विचारावा लागत नाही. कसबा पेठेत शिरायचं आणि ठोक्यांच्या आवाजामागं चालत जायचं. मी एकविसाव्या वर्षी डिप्लोमा अर्धवट सोडून मामांच्या कारखान्यात बसलो, त्याला आता बावीस वर्षं झाली. फोन आला की मी तो नेहमी उजव्या कानाला लावतो, कारण डाव्या कानाला समोरच्याचे ‘स’ आणि ‘फ’ ऐकूच येत नाहीत. मामांना तर हाक मारून उपयोग नाही, समोर जाऊन उभं राहावं लागतं.

हल्ली आमच्याकडे घरच्या पोरांपेक्षा बाहेरून शिकायला येणारे जास्त असतात. कुणी आयटीआयचे, कुणी डिझाइन शिकणाऱ्या मुली, तर कुणी नोकरी सोडून आलेले. त्यांना पहिल्या आठवड्यात तोंडी जे सांगतो तेच इथं क्रमानं लिहिलं आहे. या धंद्यात रक्त निघालं की सगळे धावतात. न दुखता जे जातं त्याकडे कुणी बघत नाही. म्हणून इथं चेचलेल्या बोटावर चार ओळी आहेत आणि कानावर बरंच काही.

१. हातोडा धरायच्या आधी कान तपासून घ्या

कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात ऑडिओमेट्री होते. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात आणि आवाज आला की बटण दाबायचं असतं. कामाला लागायच्या आधी ही तपासणी करून घ्या आणि आलेख जपून ठेवा. काम सुरू झालेलं असेल तर सुट्टीनंतरच्या दिवशी सकाळी, ठोक्यांच्या आवाजात न बसता जा. दिवसभराच्या आवाजानं कान तात्पुरता बधिर होतो आणि तसाच तपासला तर आलेख चुकीचा येतो.

आवाजानं कान जातो तेव्हा आलेखात आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. बोलणं ऐकू येतच असतं, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. टीव्हीचा आवाज वाढवल्याबद्दल घरचे भांडायला लागतात तोवर उशीर झालेला असतो, आणि गेलेलं ऐकू येणं औषधानं परत येत नाही. हे आजचं नाही. व्हेनिसमधले तांब्याची भांडी ठोकणारे कारागीर बहिरे होतात, असं रामात्सिनी नावाच्या इटालियन डॉक्टरानं तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे.

आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. त्यावर दर ५ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ९५ ला चार तास, १०० ला दोन, १०५ ला एकच. मोजायचं यंत्र नसेल तर हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय का ते बघा. तसं असेल तर आवाज कानाला घातक आहे, आणि तांबट आळीत तर ते रोजचंच आहे.

कापसाचा बोळा घालून बसणारे पुष्कळ दिसतात. त्यानं कान झाकल्यासारखा वाटतो, आवाज फारसा अडत नाही. फोमचे इअरप्लग घ्या आणि नीट घालायला शिका, कारण दहातले आठ जण ते कानाच्या तोंडाशी नुसते अडकवतात. प्लग बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागं ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि बोटानं वीस-तीस सेकंद दाबून धरायचा. तो आत फुगला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा येतो. तसा आला नाही तर काढून पुन्हा घाला. हात आधी धुवा, नाहीतर अॅसिड आणि काजळी कानात जाते.

मी प्लग आणले तेव्हा मामा म्हणाले, “अरे, ठोका ऐकू आला नाही तर पत्रा कुठं कडक झाला ते कळणार कसं?” प्रश्न रास्त होता. तांबं कडक होत गेलं की ठोक्याचा नाद बदलतो आणि जुना कारागीर त्यावरच काम चालवतो. पण प्लगनं तो नाद नाहीसा होत नाही, फक्त खाली येतो. दोन आठवड्यांत कान त्या नव्या नादाला सरावतो, शिवाय हाताला हातोडीची उसळी कळतेच. मामांनी कधीच प्लग घातले नाहीत. मी घातले, पण दहा वर्षं उशिरा.

२. सामान

पगार हातात यायच्या आधी खर्च करावा लागतो म्हणून पोरं टाळतात. पहिल्या दिवशी सगळं लागत नाही. पहिल्या तीन वस्तू मात्र लागतातच.

• फोमचे इअरप्लग. पाकिटावर आयएस (भारतीय मानक) ९१६७ आहे का बघा. मळले की टाकून द्या.
• बाजू झाकणारा चष्मा, आयएस ५९८३ चा. नंबरचा चष्मा असेल तर त्यावरून घालता येईल असा घ्या.
• एफएफपी२ मास्क, आयएस ९४७३ चा. दाढी वाढवली असेल तर कडेनं धूर आत येतो.
• भट्टीसाठी चामडी हातमोजे, अॅसिडसाठी रबरी. एकमेकांच्या जागी वापरू नका. चामडं अॅसिड पितं आणि तेच ओलं चामडं हाताला लागून राहतं.
• सुती कपडे आणि चामडी एप्रन. टेरिकॉट, नायलॉन ठिणगीनं वितळून कातडीला चिकटतं.
• बंद बूट. ठोकायला आपण अनवाणी बसतो, ते चालेल. भट्टीजवळ आणि अॅसिडच्या पिंपाजवळ मात्र चप्पलसुद्धा नको.

३. बैठक

पुस्तकात खुर्ची-टेबल असतं, आपल्याकडे जमीन असते. एक पाय दुमडून, दुसरा पसरून, भांडं लोखंडी मेखेवर धरून दिवसभर बसायचं. कंबर आणि गुडघा दहा वर्षांत हिशोब मागतात. बुडाखाली चार-पाच इंच जाड गादी किंवा पाट घ्या, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली येतात आणि पाठ कमी वाकते. ठोका खांद्यातून येऊ द्या, मनगटातून नको. अर्ध्या तासानं उठा, पाणी प्या, हातोडी दुसऱ्याला द्या. हातोडीच्या हातापेक्षा भांडं धरणाऱ्या हाताला जास्त हादरे बसतात. त्या हाताच्या बोटांना रात्री मुंग्या येत असतील तर महिनाभर दुर्लक्ष करू नका.

४. हातोडा, छिन्नी, पत्रा

सकाळी पहिलं काम म्हणजे हातोड्याचा दांडा हलवून बघणं. हलत असेल तर पाचर ठोका. पाण्यात भिजवून फुगवलेला दांडा संध्याकाळी पुन्हा सैल होतो. छिन्नीचं डोकं छत्रीसारखं पसरलं असेल तर त्या कडा घासून काढा, त्यातून उडालेली चकती बंदुकीच्या छर्र्यासारखी येते. कापलेल्या पत्र्याची कड कानशीनं मारल्याशिवाय पुढच्या माणसाच्या हातात देऊ नका. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते लिहून ठेवा, दहा वर्षांपेक्षा जुनं असेल तर घ्या.

५. भट्टी

ठोकून कडक झालेलं तांबं भट्टीत लाल करून मऊ करतात. इथं नवा माणूस एकाच गोष्टीनं भाजतो. तांबं लाल दिसायचं थांबलं तरी तीनशे अंशांवर असू शकतं, आणि दिसायला ते थंड तांब्यासारखंच असतं. आमच्याकडे नियम आहे की भट्टीतून निघालेलं भांडं फक्त काळ्या फरशीवर ठेवायचं, आणि त्या फरशीवरच्या भांड्याला सांडशीशिवाय कुणी हात लावायचा नाही, मालकानंही नाही.

पाण्यात विझवताना दोन गोष्टी होतात. वरची काळी खपली तडतडत उडते, म्हणून चष्मा हवा. दुसरी जास्त वाईट. अरुंद तोंडाचं भांडं सरळ बुडवलं की आत शिरलेल्या पाण्याची वाफ होऊन उकळतं पाणी तोंडातून पिचकारीसारखं वर येतं. भांड्याचं तोंड आपल्यापासून दूर करून, तिरकं आणि हळू बुडवा. वितळलेल्या धातूजवळ तर ओला साचा, ओली मूस, ओली सांडशी काहीही नेऊ नका. थेंबभर पाण्याची वाफ झाली तरी धातू छतापर्यंत उडतो.

कोळशाची भट्टी पावसाळ्यात दार लावून पेटवणं ही आपली सगळ्यात जुनी चूक आहे. कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, मळमळलं, तर चहा मागवू नका, बाहेर पळा. गॅसची भट्टी असेल तर एलपीजी हवेपेक्षा जड असतो हे लक्षात ठेवा. तो जमिनीलगत साचतो, तेव्हा झरोका वर आणि खाली दोन्हीकडे हवा. नळीचे जोड साबणाच्या फेसानं तपासा, काडीनं नाही. ऑक्सिजनच्या नळकांड्याच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीस लावायचं नाही, तेलकट हातही नको.

६. अॅसिड

काळी खपली काढायला पातळ गंधकाम्ल वापरतात. चिंच आणि मीठ अजूनही चालतं आणि घरगुती कामाला तेच बरं, वेळ मात्र लागतो.

पाण्यात अॅसिड ओता, अॅसिडमध्ये पाणी नाही. उलटं केलं की ते उकळून तोंडावर येतं. गरम भांडं थेट अॅसिडमध्ये टाकू नका. लोखंडी सांडशी पिंपात घालू नका, नाहीतर द्रावणातलं तांबं भांड्यावर लालसर डाग होऊन बसतं आणि पुन्हा घासत बसावं लागतं. लाकडाचा किंवा तांब्याचा चिमटा ठेवा. शेजारी पाण्याची बादली आणि खाण्याचा सोडा हवाच.

नायट्रिक अॅसिड तांब्यावर टाकलं की तपकिरी धूर निघतो. झटपट चकाकी येते म्हणून काही जण ते वापरतात. तो धूर छातीत गेला तर लगेच फक्त खोकला येतो, माणूस घरी जाऊन जेवतो आणि रात्री उशिरा त्याला श्वास घेता येईनासा होतो, कारण फुप्फुसात पाणी भरतं. एफएफपी२ मास्क हा वायू अडवत नाही. माझं मत विचाराल तर छोट्या जागेत हे अॅसिड ठेवूच नये. धूर गेलाच असेल तर बरं वाटत असलं तरी रुग्णालयात जाऊन काय हुंगलं ते सांगा.

अॅसिड पाण्याच्या बाटलीत ठेवू नका. आमच्याकडे एकदा शिकाऊ पोरानं फडताळावरची बाटली उचलून तोंडाला लावायला घेतली होती, वासावरून वाचला. जाड डबा, त्यावर ठळक अक्षरात नाव, आणि जागा कमरेच्या खाली. विकत घेताना ओळखपत्र लागतं. २०१३ पासून विक्रेत्याला खरेदीदाराची नोंद ठेवावी लागते. ओळखपत्राशिवाय देणाऱ्याकडून घेऊ नका, पुढं काही झालं तर तोही अडकतो आणि तुम्हीही.

७. कल्हई, डाक आणि पितळ

कल्हई पाहायला सुंदर असते. तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड पडते, पांढरा धूर उठतो, कथलाची कांडी टेकवली की ती पाण्यासारखी पसरते आणि कापसाच्या बोळ्याच्या एका फेऱ्यात काळपट तांबं आरशासारखं होतं. कथील २३२ अंशांना वितळतं, तेव्हा भांडं लाल करायची गरज नाही. जास्त तापवलं की धूर वाढतो आणि कल्हई पिवळी पडते.

नवसागराचा धूर डोळे आणि घसा जाळतो. पूर्वी कल्हईवाले रस्त्यावर बसायचे, ते आरोग्याच्या दृष्टीनं शहाणपणाचं होतं. आत करायचीच असेल तर पंखा पाठीमागं लावू नका, पाठीवरून येणारा वारा छातीसमोर भोवरा करतो आणि धूर तोंडावरच आणतो. वारा एका बाजूनं यावा आणि दुसऱ्या बाजूनं धूर बाहेर जावा.

खरी फसवणूक कथलात होते. कथील महाग आहे, शिसं स्वस्त, आणि दोन्ही मिसळून विकतात. तशा कल्हईच्या भांड्यात चिंचेची आमटी शिजवणाऱ्याच्या पोटात शिसं जातं, आणि कल्हई करणाऱ्याच्या हातावर, नखांत, कपड्यांवर ते रोज बसतं. कांडी कानाशी धरून वाकवा. शुद्ध कथील वाकताना कर्रकर्र करतं, शिशाची भेसळ असेल तर आवाज मंदावतो किंवा येतच नाही. मग ती पांढऱ्या कागदावर ओढा. शिसं पेन्सिलसारखी करडी रेघ सोडतं. ही काही प्रयोगशाळेची तपासणी नाही, पण दुकानदारासमोर कांडी कानाशी धरली की तो दुसरा डबा काढतो, हे मी पाहिलं आहे.

पितळ ओतताना किंवा पितळेला गॅसनं डाक देताना (म्हणजे वितळलेल्या धातूनं सांधा जोडताना) त्यातलं जस्त उडतं, कारण जस्त ९०७ अंशांना उकळतं. पांढऱ्या लोकरीसारखा धूर दिसला की समजा. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची गोडसर चव येते, तहान लागते, अंग मोडतं. दुसऱ्या दिवशी उतरतो म्हणून लोक त्याला हवाबदल समजतात. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी हा ताप जास्त येतो, कारण रोजच्या धुरानं आलेली सवय एक-दोन दिवसांत जाते. असा ताप आला तर औषधाआधी वाऱ्याची सोय बदला. चांदीची डाक घेताना मात्र त्यात कॅडमियम नाही, हे लेखी विचारून घ्या. त्याचा धूर सुरुवातीला असाच ताप वाटतो आणि जीव घेऊ शकतो.

गूळ खाल्ल्यानं धूळ उतरते, दूध प्यायल्यानं शिसं निघतं, असं सगळीकडे सांगतात. गूळ गोड लागतो, जरूर खा. कामाच्या जागी मास्क काढून मात्र खाऊ नका, आणि हात धुतल्याशिवाय तर नकोच.

८. बफ

बफच्या यंत्रावर, म्हणजे भांड्याला चकाकी आणणाऱ्या फिरत्या चाकावर, हातमोजे घालायचे नाहीत. कापड चाकात अडकलं की हात मागोमाग जातो. ओढणी, पदर, लांब बाह्या, मोकळे केस, हातातला दोरा हे सगळं आधी आवरा. भांडं चाकाच्या मध्यरेषेच्या खाली धरा, म्हणजे निसटलं तर जमिनीकडे जातं. वर धरलं तर छातीवर येतं. बफची धूळ झाडूनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

९. घरी जाताना

आळीत बरेच कारखाने खाली आणि घर वर आहेत. शिसं आणि धूळ कपड्यांबरोबर वर जाते आणि रांगणाऱ्या पोराच्या तोंडात पोचते. कामाचे कपडे खालीच बदला, वेगळे धुवा. साबणानं हात आणि नखं घासल्याशिवाय विडी, तंबाखू, डबा काहीही नाही. झाळकाम (डाक देण्याचं काम) रोज करत असाल तर डॉक्टरांना काम सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या. काम सांगितलं नाही तर ते पोटदुखीच्या गोळ्या देतील.

१०. अपघात झालाच तर

भाजलं तर अंगठी, कडं लगेच काढा आणि वीस मिनिटं वाहत्या नळाखाली धरा. शाई, टूथपेस्ट, तूप नको. चिकटलेलं कापड ओढू नका. डोळ्यात अॅसिड गेलं तर पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ पाण्यानं धुवा आणि मगच रिक्षा बघा. डोळ्यात कण रुतला असेल तर चोळू नका, तो जिभेनं किंवा पदराच्या टोकानं काढणारा जाणकार आळीत असतोच, त्याच्याकडे जाऊ नका. रुग्णवाहिकेसाठी १०८.

११. कागदपत्रं

बहुतेक कारखाने चार-पाच माणसांचे. कारखान्यांचे कायदे लागू होण्याइतकी माणसं नसतात, ईएसआयसाठी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) साधारण दहा लागतात. म्हणजे आपली सोय आपल्यालाच बघावी लागते.

जवळ ठेवा: आधार, मोबाइल नंबर, बँक पासबुक, रेशनकार्ड, दोन फोटो, ऑडिओमेट्रीचा पहिला आलेख, आणि मजुरी मिळाल्याची कसलीही नोंद, वहीतलं सही केलेलं पानसुद्धा चालेल. आवाजानं आलेलं बहिरेपण आणि शिशाची बाधा हे दोन्ही नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून आहेत, पण तुम्ही तिथं कामाला होता हे आधी दाखवावं लागतं.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा: वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, बँकेतून. अपघाती मृत्यूला किंवा दोन्ही डोळे गेल्यास २ लाख, एक डोळा, हात किंवा पाय निकामी झाल्यास १ लाख. बोट गेलं तर काही नाही, कान गेला तरी काही नाही. मेअखेर खात्यात वीस रुपये नसतील तर विमा बंद पडतो आणि कुणी कळवत नाही.

ई-श्रम (असंघटित कामगारांची सरकारी नोंद): वय १६ ते ५९, नोंदणी मोफत. पैसे मागणाऱ्या केंद्रातून उठून या.

पीएम विश्वकर्मा: कारागिरांसाठीची सरकारी योजना, २०२३ पासून. प्रशिक्षणाच्या दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंत, आणि पाच टक्क्यांनी आधी १ लाख, मग २ लाख कर्ज. एका कुटुंबात एकालाच. अठरा व्यवसायांच्या यादीत तांबट असं वेगळं नाव नाही, लोहार आणि हातोडा-अवजारं बनवणारे आहेत. फॉर्म भरायच्या आधी आपलं काम कशात बसतं ते केंद्रात विचारा, अंदाजानं भरू नका. अवजारांच्या पैशातून हातोडाच घ्यायला हवा असं नाही, बफला झाकण आणि धूर ओढणारा पंखा यांचं बसतं का तेही विचारा.

हस्तकला विकास आयुक्तांचं ‘पहचान’ ओळखपत्र प्रदर्शनांसाठी उपयोगी पडतं, आरोग्याशी त्याचा थेट संबंध नाही.

अपंगत्वाच्या दाखल्याची आशा धरू नका. २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांचं बोलण्याच्या पट्टीतलं ऐकणं ६० डेसिबलनं गेलं तर माणूस ‘ऐकू कमी येणारा’ ठरतो. आवाजानं जाणारा कान आधी वरच्या पट्टीत जातो, त्यामुळे माझ्यासारखा माणूस कागदावर ठणठणीत असतो.

सेवा केंद्रात जायच्या आधी आधारला मोबाइल जोडलेला आहे का ते घरीच बघा. ओटीपी जुन्या नंबरावर जात होता म्हणून मी दोन वेळा रांगेतून परत आलो, आणि दोन्ही वेळा कानात प्लग तसेच राहिल्यामुळे खिडकीवरच्या बाईंनी माझं नाव तीनदा पुकारलेलं मला ऐकूच आलं नव्हतं.